नाव काढलं

त्या सकाळी दोघी बहिणी खिडकीजवळ बसून एका निळ्या झग्याची किनार दुमडत होत्या. थोरली मशीनवर होती. धाकटी समोरच्या खाटेवर पाय लांब करून कच्चे टाके घालत होती. तिला नववा महिना लागला होता. कापड घ्यायला मांडी अशी उरलीच नव्हती, म्हणून ती ते सरळ पोटावर पसरून शिवत होती.

"बघ ताई, टेबल घरातच मिळालं," ती म्हणाली.

"टेबल लाथा मारत नाही," थोरली म्हणाली, आणि दोघी हसल्या.

आई गेली तेव्हा धाकटी जेमतेम चालायला लागली होती. थोरलीने तिला वाढवलं, शाळेत घातलं, तिचं लग्न करून दिलं. स्वतःच्या लग्नाचं वय कधी आलं आणि कधी गेलं, ते शिवणाच्या रगाड्यात तिच्या ध्यानातही आलं नाही. धाकटीचा नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा. तो कामावर गेला म्हणजे धाकटी बहिणीच्या या एका खोलीत राहायला यायची आणि खोलीला एकदम वाचा फुटायची.

त्या शहरात काळ्या माणसांची वस्ती नदीच्या अलीकडे होती आणि गोऱ्यांची पलीकडे. असं कुठे लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना पाठ होतं. इस्पितळ पलीकडे होतं.

दहा-बारा टाके घातल्यावर धाकटीने सुई कापडात टोचून ठेवली. "ताई, कपाळ फार ठणकतंय. आणि इथे, बरगड्यांखाली, कुणी मूठ वळून दाबतंय असं वाटतं."

"कालपासून म्हणतेयस. चल, दाखवून येऊ."

"किनार तरी होऊ दे."

"किनार पळून जात नाही. ऊठ."

पूल ओलांडताना धाकटीच्या डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. तिचे हात इतके सुजले होते की बोटातली अंगठी रुतून बसली होती. प्रसूती विभागात पिकल्या केसांच्या एका गोऱ्या नर्सने तिचा रक्तदाब मोजला, पुन्हा मोजला आणि लगबगीने ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरला बोलावून आणलं.

"रक्तदाब फार चढलाय, डॉक्टर."

डॉक्टरने धाकटीकडे पाहिलं. तो काही उद्धट नव्हता. उलट समजूत घातल्यासारखा हसला. "पूल चढून आलात ना, म्हणून. आणि पित्त झालंय. तुमच्याकडच्या बायका काटक असतात हो, एवढ्या तेवढ्याला घाबरायचं नाही. बाहेर बसा जरा, उतरेल."

त्या बसल्या. समोरच्या बाकावर एक गोरी गर्भवती बसली होती, तिला आत नेलं. तिच्यामागून आलेलीलाही नेलं. धाकटी म्हणाली, "ताई, मला दिवा दोन-दोन दिसतोय." थोरली उठून नर्सकडे गेली.

"सिस्टर, वरच्या मजल्यावर मोठ्या डॉक्टरबाई आहेत म्हणतात. त्यांना बोलवा ना."

नर्सने मान खाली घातली. "मला नाही बोलवता येत त्यांना. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनीच बोलवायचं, असा नियम आहे. मी पुन्हा सांगून बघते त्यांना."

ती सांगायला आत गेली, तेवढ्यात धाकटीला झटका आला. ती बाकावरून खाली कोसळली. मग धावाधाव झाली. मोठ्या बाईही आल्या. मूल पोट फाडून बाहेर काढलं. मुलगी होती, जिवंत होती, चांगली खणखणीत रडत होती. धाकटी मात्र शुद्धीवर आली नाही. दुपार उतरायच्या आत सगळं संपलं होतं.

मेहुणा आला, दोन दिवस भिंतीला टेकून बसून राहिला आणि मग म्हणाला, "ताई, पोरीला माझ्या आईकडे नेतो. तिथे बघायला माणसं आहेत. तुम्ही एकट्या, दिवसभर मशीनवर. कसं व्हायचं?" तो म्हणत होता ते अगदी खरं होतं.  थोरलीने बाळाचे कपडे घड्या घालून पिशवीत भरले. ते दोघींनी मिळून शिवलेले होते. बस सुटेपर्यंत ती थांब्यावर उभी राहिली.

निळा झगा तसाच पडला होता. उरलेली किनार तिने एकटीने घातली. घेऊन गेलेल्या बाईला अर्धे टाके दुसऱ्या हाताचे आहेत हे कळलं नाही. कळायचं कारणही नव्हतं.

यानंतर शहर जागं झालं. वस्तीतून मोर्चा निघाला, त्यात पलीकडची गोरी तरुण मंडळीही सामील झाली. वर्तमानपत्रांनी धाकटीचा लग्नातला फोटो छापला. पूर्वी अशा किती जणी त्या बाकांवर बसून गेल्या, त्याचे आकडे कुणीतरी मागितले. इस्पितळाने सांगितलं की असे आकडे वेगळे ठेवले जात नाहीत.

मग एके दिवशी इस्पितळाच्या अधीक्षकबाई स्वतः थोरलीच्या घरी आल्या. खोलीत एकच खुर्ची होती, तीवर कापडांचा ढीग होता, म्हणून त्या खाटेवर बसल्या आणि रडल्या. ते रडणं खोटं नव्हतं. हे सांगून ठेवलेलं बरं, कारण अशा गोष्टी ऐकताना कुणीतरी दुष्ट माणूस सापडावा अशी आपल्याला घाई झालेली असते.

"आम्ही तुमच्या बहिणीचा विसर पडू देणार नाही," त्या म्हणाल्या. "प्रसूती विभागाला तिचं नाव देणार आहोत. तिचं मोठं चित्र लावणार. दरवर्षी तिच्या दिवशी सगळं इस्पितळ उभं राहील."

थोरलीने त्यांचा हात धरला. इतक्या दिवसांत त्या खोलीत येऊन धाकटीचं नाव तोंडाने उच्चारणाऱ्या त्या पहिल्याच होत्या. शेजारपाजारचे लोक तिला वाईट वाटेल म्हणून ते नाव टाळायचे.

समारंभ मोठा झाला. दाराच्या कमानीवर पितळी अक्षरांत नाव बसवलं. नगराध्यक्षांनी मान लववली. प्रत्येक डॉक्टरच्या कोटावर 'सर्व जीव समान' असा बिल्ला होता. त्या तरुण डॉक्टरच्याही होता. वस्तीतले मास्तर, म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले आणि ज्यांच्या शब्दाबाहेर वस्तीत कुणी जात नसे असे गृहस्थ, पहिल्या रांगेत बसले होते. ते उठून म्हणाले, "माझ्या आयुष्यात आपल्यातल्या कुणाचं नाव त्या तीरावर लागलेलं मी पाहिलं नव्हतं. धाकटीनं वस्तीचं नाव काढलं!"

चित्रावरचा पडदा सरला तेव्हा थोरली जरा दचकली. धाकटीचा रंग बराच उजळ काढला होता. चित्रकार शेजारीच उभा होता. "त्या भिंतीवर उजेड कमी पडतो," तो म्हणाला, "म्हणून." थोरलीने जवळ जाऊन पाहिलं. डोळे धाकटीचेच होते. तिला तेवढे पुरले.

पुढे दर रविवारी ती तिथे जायला लागली. रविवारी शिवण बंद असायचं आणि खोली अंगावर यायची. ती चित्राखाली तासभर बसायची, मनातल्या मनात बोलायची. कोण कपडे न्यायचं विसरलं, मेहुण्याचा फोन आला का, पोरीला दात आले का. दारावरचा पहारेकरी तिला ओळखायला लागला होता. तो आपली खुर्ची तिला द्यायचा. येणारे-जाणारे तिच्याकडे बघून आदराने मान हलवायचे. घरी तिच्याकडे बघायला आरशाशिवाय कोणी नव्हतं.

अशाच एका रविवारी वस्तीतली एक सासू आपल्या गरोदर सुनेला घेऊन आली. सून अगदी कोवळी होती. तिने एक हात बरगड्यांखाली दाबून धरला होता आणि दुसऱ्या हाताने ती डोळे चोळत होती.

"आई, सगळीकडे काजवेच काजवे दिसतायत हो," ती म्हणाली.

थोरलीच्या हातातली पिशवी खाली पडली.

आतून डॉक्टर आला. हा दुसरा होता, पण बिल्ला तोच. त्याने सुनेला तपासलं न तपासलं आणि म्हणाला, "घरी जा, पडून राहा. पहिलंच बाळंतपण आहे, असं होतं. तुमच्याकडच्या मुली तशा दणकट असतात."

सासूने सुनेचा हात धरून तिला उठवलं. थोरली आडवी आली.

"जाऊ नका. हिचा रक्तदाब मोजलाय का?"

पिकल्या केसांची नर्स दारातच उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मोजलाय," ती हळूच म्हणाली. "चढलाय. मी सांगितलंय त्यांना."

"मग मोठ्या बाईंना बोलवा!"

"आज त्यांची सुट्टी आहे, मागच्या गल्लीत घरी आहेत. पण मला बोलवता येत नाही हो. तोच नियम आहे अजून."

थोरली चित्राखाली उभी होती, आणि त्या चित्राखालीच सिस्टरचं ते वाक्य जवळजवळ तसंच पुन्हा बोललं गेलं होतं. क्षणभर तिला वाटलं की आपण धाकटीला इथे आणून पुन्हा बाकावर बसवलंय. मग ती आत घुसली आणि डॉक्टरशी भांडायला लागली. पहारेकऱ्याने तिचा दंड धरला. "बाई, तुम्ही तरी असं करू नका," तो अजीजीने म्हणाला. "तुम्हाला इथे मान आहे."

तिने दंड सोडवून घेतला. सासूला म्हणाली, "हिला इथून हलवू नका, काही झालं तरी," आणि मागच्या दाराने धावत सुटली.

मोठ्या डॉक्टरबाई जेवायला बसल्या होत्या. दारात घामाने निथळणारी एक काळी बाई बघून त्यांच्या कपाळावर आठी पडली. थोरलीला धड वाक्यही जुळवता येईना. डोकं, बरगड्या, काजवे, सूज, एवढंच ती म्हणत राहिली. डॉक्टरबाईंनी हात धुतला नाही, नुसता पुसला, आणि घरातल्या सपाता घालूनच त्या निघाल्या.

सून वाचली. मुलगा झाला, तोही वाचला.

संध्याकाळच्या सुमारास डॉक्टरबाई बाहेर येऊन भिंतीला टेकल्या. त्या थकल्या होत्या, आणि रागावल्याही होत्या. "मला कुणी कळवलंच नाही," त्या म्हणाल्या.

"तेव्हाही कळवलं नव्हतं," थोरली म्हणाली.

दुसऱ्या दिवशी अधीक्षकबाईंनी तिला कचेरीत बोलावलं. त्यांचा आनंद चेहऱ्यावर मावत नव्हता. "किती मोठं काम केलंत! तुमच्या बहिणीनेच वाचवलं म्हणायचं त्या मुलीला. आम्ही ठरवलंय, आई आणि बाळाचा फोटो चित्राखाली लावायचा."

"फोटो नको," थोरली म्हणाली. "नियम बदला."

"कुठला नियम?"

"रुग्णाला, तिच्या माणसांना, नाहीतर सिस्टरना वाटलं की थेट मोठ्या डॉक्टरांना बोलवता आलं पाहिजे. बोलावल्यावर कुणी आलं नाही, तर इस्पितळाबाहेरच्या माणसांनी त्याचा जाब घेतला पाहिजे. आणि काळ्या बायका किती दगावतात, गोऱ्या किती, हे दरवर्षी उघड सांगितलं पाहिजे."

अधीक्षकबाई खुर्चीत मागे टेकल्या. "तुमचं दुःख मी समजू शकते. पण याने डॉक्टरांना वाटेल की आपल्यावर विश्वास नाही. विश्वस्त मंडळापुढे न्यावं लागेल, समिती नेमावी लागेल. अशा गोष्टींना वेळ लागतो हो."

"चित्राला नाही लागला."

"असं काय बोलता? तुमच्यासाठी आम्ही काय करायचं ठेवलं?"

"भिंतीवर करता येतं ते सगळं केलंत," थोरली म्हणाली. "बाकावर बसलेल्या बाईसाठी काही केलं नाहीत. धाकटीला मखरात बसवलंत आणि तिच्या नजरेसमोर तेच चालू ठेवलंत. नियम होणार नसेल तर तिचं नाव काढा तिथून."

 ते नाव गेलं की रविवारी कुठे जायचं, हे तिला ठाऊक नव्हतं.

बातमी नदी ओलांडून तिच्या आधी वस्तीत पोचली. मास्तर काठी टेकत आले. खोलीत पाऊलही न टाकता दारातूनच बोलले.

"आम्ही जन्मभर पलीकडे मान खाली घालून गेलो. एकदा, फक्त एकदा आपल्यातलीचं नाव कमानीवर लागलं, तर ते पुसायला तूच निघालीस? सख्खी बहीण?"

"मास्तर, त्या कमानीखालून काल एका पोरीला मरायला घरी पाठवत होते."

"एक तरी पायरी चढलो होतो गं आपण!"

"पायरी नव्हती ती. पायरीचं चित्र होतं."

मास्तरांनी मान फिरवली आणि ते निघून गेले. त्यानंतर वस्तीतले पुष्कळ जण तिच्याकडे फिरकेनासे झाले. फाटलेलं, उसवलेलं दुसरीकडे जायला लागलं. मेहुण्याचा फोन आला तोही तुटकच. "पोरगी मोठी झाल्यावर तिला दाखवायला तेवढंच होतं, ताई. मी काय दाखवू आता तिला?" थोरलीने फोन कानाला लावून ठेवला. मागे पोरीची बडबड ऐकू येत होती. ती ऐकत राहिली. मेहुण्याने फोन ठेवला तरी थोडा वेळ तशीच राहिली.

धाकटीचा दिवस आला. इस्पितळ उभं राहिलं, बिल्ले चमकले, थोरलीला व्यासपीठावर बोलावलं. चित्रावर फुलं वाहावीत आणि चार शब्द बोलावेत, एवढीच अपेक्षा होती. तिने फुलं टेबलावर ठेवली.

"मला भाषण येत नाही," ती म्हणाली. "माझी बहीण सिस्टरना मोठ्या डॉक्टरांना बोलवता आलं नाही म्हणून मेली. आजही त्यांना बोलवता येत नाही. तुम्ही माझ्या बहिणीपुढे मान लववता आणि तिच्यासारखी दारात आली की तिला घरी पाठवता. मला हा मान नको. तिचं नाव काढा."

टाळ्या वाजल्या नाहीत. ओरडाही झाला नाही. लोक बुटांकडे बघत उभे राहिले आणि ती एकटी सभागृहाच्या मधल्या वाटेने बाहेर गेली.

नाव आठवड्याच्या आत निघालं. त्यासाठी समिती लागली नाही की मंडळाची बैठक लागली नाही. एका सुताराने सकाळी शिडी लावली आणि चहाच्या वेळेपर्यंत पितळी अक्षरं पोत्यात भरली. चित्र दोघा हमालांनी तिच्या घरी आणून सोडलं, पण ते दारातून आत जाईना. उभं केलं, आडवं केलं, तिरकं केलं, तरी जाईना. शेवटी ओसरीत भिंतीला टेकवून तिने त्यावर जुनी चादर टाकली आणि आत जाऊन मशीनवर बसली. शिवायला काहीच नव्हतं.

ते दिवस तिने कसे काढले हे कुणी विचारलं नाही. ती जेवण दोघींच्या अंदाजाने करायची आणि उरलेलं दुसऱ्या दिवशी एकटी खायची.

मग एका दुपारी दार वाजलं. ती सासू होती. कडेवर नातू, मागे सून.

"धाकटीच्या दिवशी ही सभागृहात होती. तू काय बोललीस ते हिनं मला सगळं सांगितलं," सासू म्हणाली. "मला काही चार माणसांत बोलता येत नाही. पण बसता येतं. कुठे बसायचं ते सांग."

तेव्हापासून दर महिन्याला नगरसभेच्या प्रेक्षकांच्या बाकांवर तीन बायका आणि एक मूल बसायला लागलं. आरोग्याचा विषय निघाला की थोरली उभी राहायची, बोलायला मिळालं तर तेच तीन मुद्दे सांगायची आणि नाही मिळालं तर उभीच राहायची. पहिल्यांदा लोक हसले, मग वैतागले. हळूहळू बाकांवर आणखी बायका दिसायला लागल्या. कुणाची मुलगी गेली होती, कुणाची भावजय. एकदा पिकल्या केसांची नर्स येऊन साक्ष देऊन गेली. त्यानंतर तिची बदली कपड्यांच्या कोठारात झाली, तरी ती आपल्या शब्दावरून हटली नाही. मोठ्या डॉक्टरबाई स्वतः आल्या नाहीत, पण विचारल्यावर त्यांनी लेखी कळवलं की मागणी रास्त आहे.

नगराध्यक्षांनी मध्ये एकदा सुचवलं की चौकाला धाकटीचं नाव देऊ. थोरली म्हणाली, "चौकात कुणी बाळंत होत नाही."

हे वाक्य मात्र वस्तीत पोचलं आणि लोक ते एकमेकांना सांगून हसले. त्यानंतरच्या बैठकीला मास्तर येऊन शेवटच्या बाकावर बसले.  जाताना तिच्या ओसरीतलं चित्र वाचनालयात न्यायची परवानगी तेवढी त्यांनी मागितली. तिने दिली.

धाकटीच्या पोरीला शाळेत घालायची वेळ आली, त्या वर्षी ठराव मंजूर झाला. अगदी थोड्या मतांनी. त्या शहरातल्या प्रत्येक इस्पितळाला तो लागू झाला. डॉक्टर आले नाहीत तर काय होईल, तेही त्यात स्पष्ट सांगितलं होतं. त्या दिवशी कुठे पडदा सरला नाही, कुणी मान लववली नाही. वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी आल्या. थोरलीने मेहुण्याला फोन केला.  तो म्हणाला, "उन्हाळ्यात पोरीला घेऊन येतो, ताई. राहील तुमच्याकडे थोडे दिवस."

बऱ्याच महिन्यांनी ती पुन्हा प्रसूती विभागात गेली. का गेली, हे तिला नीट सांगता आलं नसतं. विभागाला आता नुसता आकडा होता. पहारेकरी बदलला होता. "कुणाला भेटायचंय?" त्याने विचारलं. "कुणालाच नाही," ती म्हणाली. त्याने खांदे उडवले आणि तिला जाऊ दिलं.

भिंतीवर एक टेलिफोन बसवला होता आणि त्यावर मोठ्या अक्षरांत सूचना लिहिली होती. त्याच्यासमोर एक काळा तरुण उभा होता. गवंडी असावा, हातांवर सिमेंट वाळलेलं होतं. आतून त्याच्या बायकोचं कण्हणं ऐकू येत होतं. तो रिसीव्हर उचलायचा आणि परत ठेवायचा.

"रागावतील का हो ते?" त्याने थोरलीला विचारलं.

"रागावू देत," ती म्हणाली. "यावं मात्र लागेल त्यांना."

त्याने फोन लावला. चारच शब्द बोलला, तेही अडखळत. मग दोघं जिन्याकडे बघत उभे राहिले. थोड्याच वेळात वरून पावलं वाजली आणि कपाळाला आठी घातलेली एक डॉक्टर भराभर उतरून, दोघांकडे न बघता, सरळ आत गेली.

गवंड्याने श्वास सोडला. त्याला कुणाशी तरी बोलायचं होतं. "बरं झालं, इथे असा नियम आहे," तो म्हणाला. "पहिल्यापासूनच आहे वाटतं?"

थोरलीने त्याच्याकडे पाहिलं. 

"तू आत जा," ती म्हणाली. "तिच्याजवळ थांब."